चढाचा हिशेब

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. दोन्ही तालुक्यांच्या पूर्व भागात ऊस, कांदा, टोमॅटो आणि भाजीपाल्याची बागायत आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा उभ्या आहेत. नारायणगाव, जुन्नर, मंचर, घोडेगाव येथील बाजारपेठांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आली. त्यांच्या दृष्टीने पश्चिमेचा डोंगर म्हणजे हिरडा जिकडून येतो ती दिशा, पाऊस जिकडून येतो ती दिशा आणि श्रावणात भीमाशंकरला निघालेल्या गाड्या जिकडे जातात ती दिशा. अलीकडे त्या रस्त्याने आणखी एक प्रवासी जाताना दिसतो. डोक्यावर हेल्मेट, सायकलीच्या दांड्याला पाण्याची बाटली, बरोबर ना पिशवी ना सामान. त्याला दर्शनाची घाई नसते आणि कोठे माल पोहोचवायचा नसतो. त्याला सायकलीवरून न उतरता घाट चढायचा असतो, एवढेच.

दुकानाच्या ओट्यावर बसलेली मंडळी त्याच्याकडे पाहून एकमेकांना विचारतात, "हा खटाटोप कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. छत्तीस वर्षे बँकेत नोकरी करून निवृत्त झाल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी स्वतः त्या प्रवाशांपैकी एक झालो. त्यामुळे उत्तर देण्याची थोडीफार जबाबदारी माझ्यावर येते. ते उत्तर मी आकड्यांच्या साहाय्याने देणार आहे, कारण व्यापारी आणि बँकवाला या दोघांना समजणारी भाषा तीच.

उंची हे मुद्दल, अंतर ही मुदत

जुन्नरला घाट नवे नाहीत. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांचे आकडे त्यात कोरलेले असून भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा होत असे, असे परंपरेने सांगितले जाते. व्यापार, हिशेब आणि चढ या तिन्ही गोष्टी आपल्या भागात दोन हजार वर्षे एकत्र नांदत आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

नाणेघाटाची जुनी वाट पावलांसाठी होती, म्हणून ती डोंगराच्या अंगावर उभी चढत जाते. चाक आले आणि गणित बदलले. चाकाला उभा चढ झेपत नाही. मग रस्ता बांधणाऱ्याने डोंगराला वळसे घातले. उंची तेवढीच राहिली, अंतर वाढले आणि चढ सौम्य झाला. कर्जाची मुदत वाढवली की हप्ता लहान होतो, त्यातलाच हा प्रकार. घाटाची उंची हे मुद्दल, रस्त्याची लांबी ही मुदत आणि चढ हा हप्ता. योगायोग असा की चढही व्याजासारखाच शेकड्यात मोजतात. शंभर मीटर पुढे जाताना सहा मीटर वर गेलो तर चढ शेकडा ६. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ प्रदेशात सर्वसाधारण चढ शेकडा ५, मर्यादा शेकडा ६ आणि अपवाद म्हणून शेकडा ७ धरतात. त्याहून तीव्र भूप्रदेशात हे आकडे एकेकाने वाढतात.

मोटारीत बसलेल्याला शेकडा ५ आणि शेकडा ८ यांतला फरक जाणवत नाही. सायकलस्वाराला अर्ध्या टक्क्याचा फरकही मांड्यांत कळतो. नागमोडी वळणाच्या आतल्या कडेला अंतर कमी आणि उंची तीच असते, त्यामुळे तेथे चढ एकाएकी वाढतो. सरासरी व्याजदर पाहून कर्ज घेणारा जसा मधल्या एखाद्या वर्षी अडचणीत येतो, तसा सरासरी चढ पाहून निघालेला स्वार अशा वळणावर अडतो.

पोखरीचा घाट

आंबेगाव तालुक्यात सायकलस्वारांची परीक्षा पाहणारा रस्ता म्हणजे मंचरहून भीमाशंकरला जाणारा. अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. मंचर सोडल्यावर तालुक्याचे ठाणे असलेले घोडेगाव लागते, पुढे शिनोली आणि मग घोड नदीवरचे डिंभे धरण. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव या धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. येथपर्यंतचा रस्ता चढउतारांचा असला तरी कोणत्याही धडधाकट माणसाला झेपणारा आहे. धरण मागे पडले, गोहे ओलांडले की पोखरीचा घाट सुरू होतो आणि खरी परीक्षा तेथे लागते.

घाटात एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. वळण घेऊन मागे पाहावे तर धरणाचे पाणी खाली खाली जात असते. घाट संपला म्हणजे चढ संपला असे मात्र नाही. पोखरीनंतर रस्ता पठारावरून वरखाली होत तळेघरला पोहोचतो. राजगुरुनगरहून वाड्यामार्गे येणारा रस्ता तेथे मिळतो. पुढे निगडाळे आणि मग भीमाशंकरचे अरण्य. १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या जंगलात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू राहतो. गंमत अशी की एवढे चढून गेल्यावर मंदिरात जाण्यासाठी मात्र पायऱ्या उतराव्या लागतात.

दोन-तीन पोळ्यांचा खर्च

आता शरीराच्या जमाखर्चाकडे येऊ. समजा, स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन आहे आणि ते तीनशे मीटर उंच न्यायचे आहे. शाळेतले पदार्थविज्ञान आठवले तर वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे २ लाख ३५ हजार जूल इतका येतो. कॅलरीच्या भाषेत ही ऊर्जा जेमतेम छप्पन्न किलोकॅलरी. परंतु आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे प्रत्यक्ष खर्च सव्वादोनशे किलोकॅलरीच्या आसपास. दोन-तीन पोळ्यांत भागणारा व्यवहार!

मग दम का लागतो? कारण खर्च किती यापेक्षा तो किती वेळात केला, हे महत्त्वाचे आहे. तेच तीनशे मीटर चाळीस मिनिटांत चढले तर सुमारे शंभर वॉट शक्ती सतत द्यावी लागते, म्हणजे जुन्या काळच्या शंभर वॉटच्या एका दिव्याइतकी. वीस मिनिटांत चढायचे ठरवले तर दोनशे वॉट. मुद्दल तेच; मुदत निम्मी केली की हप्ता दुप्पट. तरुण, तयारीच्या स्वाराला दोनशे वॉट जड नाहीत. साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हृदयाला ते परवडणारे नसतात. ज्याला हा भागाकार समजला त्याला घाट चढण्याचे निम्मे शास्त्र समजले.

उरलेले निम्मे शास्त्र गिअरमध्ये आहे. आपल्या लहानपणीच्या काळ्या सायकलीला पुढच्या चकतीवर समजा ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलवर १८. पायाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरे आणि सायकल पाच मीटरहून अधिक पुढे जाई. सपाटीवर हे फायद्याचे. घाटात मात्र दर पावलाला पाच मीटरचा हप्ता भरायचा म्हणजे लोक उतरून सायकल ढकलत, यात नवल नाही. आजच्या गिअरच्या सायकलीत पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते लावता येतात. पायाच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते, सायकल सव्वादोन मीटरही पुढे सरकत नाही. पण पायावर भार हलका पडतो. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर वेग मिळतो. शेकडा ६ चढाचा पाच किलोमीटरचा घाट या वेगाने बरोबर चाळीस मिनिटांत सरतो. पायी चालणाऱ्यापेक्षा थोडाच अधिक हा वेग. पण तो शेवटपर्यंत टिकतो.

माझ्या घरचे कारण

मी या वाटेला लागलो त्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसून व्यापार केला. सकाळी आठला शटर वर, रात्री नऊला खाली. मधल्या वेळात जेवण, चहा, हिशेब, उधारी-वसुली सगळे बसूनच. एकोणसाठाव्या वर्षी त्यांच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. त्या आठवड्यात रुग्णालयाच्या बाकावर बसून मी माझ्याच दिनक्रमाचा विचार केला. गादीच्या जागी खुर्ची होती, बाकी आमच्या दोघांत फारसा फरक नव्हता. माझ्या रक्तातील साखरही सीमारेषेवर येऊन ठेपली होती.

निवृत्तीनंतर मी सायकल घेतली तेव्हा घरात विरोध झाला. पत्नी म्हणाली, "दादांचे एवढे झाले, आणि तुम्ही घाट चढायला निघालात?" तिची भीती खरी होती. आम्ही तडजोड केली. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणी, स्ट्रेस टेस्ट आणि लेखी परवानगी. एकट्याने जायचे नाही. डिंभ्याहून एक फोन आणि पोखरीहून दुसरा. आजही यातली एकही अट सैल झालेली नाही.

पहिले सहा महिने घाटाकडे फिरकलोच नाही. सपाटीवर आधी दहा, मग वीस, मग चाळीस किलोमीटर. त्यानंतर जुन्नरहून आपटाळे, चावंडमार्गे घाटघर आणि नाणेघाटाचा माथा, हा चढउतारांचा रस्ता चार वेळा केला. पोखरी घाटात पहिल्या खेपेला निम्म्यावर उतरलो आणि उरलेला घाट सायकल हातात धरून चाललो. दुसऱ्या खेपेला तीन चतुर्थांश. सोबतच्या तरुणांना मी आधीच सांगून ठेवले होते की श्वास सुरात न राहिल्यास मी थांबणार, कोणी आग्रह करायचा नाही.

तिसऱ्या खेपेची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शेवटच्या वळणांपैकी एकावर डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक आजी माझ्या बरोबरीने चालत होती. माझ्याहून वयाने थोडी अधिकच असावी. तिने दोन-तीनदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, एष्टी चुकली का तुमची?" मी म्हणालो, "नाही आजी, सायकलनेच जायचंय." ती म्हणाली, "मग बसून कशाला दमता? उतरून चाला की माझ्यासंगं." ती सहज बोलून गेली, मला मात्र मनोमन वरमल्यासारखे झाले. ज्या चढाला मी पराक्रम समजत होतो, तो तिचा रोजचा व्यवहार होता. या डोंगरातील महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करून, भाताच्या रोपांच्या मुठी वाहून, मुलांना शाळेत पाठवून हाच चढ पिढ्यान्‌पिढ्या चढत आहेत, आणि त्यांना कोणी पदक दिलेले नाही. घाट चढून आलेल्याने मिशीला ताव देण्याआधी हे आठवावे.

त्या दिवशी मी पाय न टेकता माथ्यावर पोहोचलो. एकोणपन्नास मिनिटे लागली. पोखरीहून घरी फोन केला तेव्हा पलीकडे पत्नी काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "आता उतरताना जपून."

शर्यत आणि स्वतःशी करार

आपल्याकडे घाटाचे कौतुक जुने आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्या स्पर्धकाला 'घाटाचा राजा' हा किताब मिळत आला आहे. फ्रान्समध्ये आल्प द्युएझ नावाचा घाट आहे: सुमारे १३.८ किलोमीटर लांब, २१ वळणांचा, सरासरी चढ शेकडा ८ हून अधिक. १९५२ मध्ये 'टूर द फ्रान्स' शर्यतीत तो प्रथम आला आणि तेव्हापासून जगभरचे हौशी स्वार तेथे केवळ स्वतःला अजमावण्यासाठी जातात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करून आले. आपापला व्यवसाय सांभाळून त्यांनी हे साधले, हे व्यापारी मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावे.

आमच्यासारख्यांना शर्यतीपेक्षा 'ब्रेव्हे' हा प्रकार जवळचा. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, अशी मुदत असते आणि मुदतीत येणारा प्रत्येकजण उत्तीर्ण. हप्ते वेळेवर भरणाऱ्या खातेदारासारखा त्याचा मान. पोखरी घाटाचा माझा करार तर त्याहून साधा होता: मुदतीची अट नाही, पाय टेकायचा नाही आणि जीव धोक्यात घालायचा नाही. तिसरी अट पहिल्या दोन्हींपेक्षा वरची.

काही व्यवहारी सूचना

ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

वेळ. ऊन चढण्याआधी निघावे, परंतु अंधारात निघू नये. जुन्नर वनविभागाच्या क्षेत्रात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर आहे; जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे, ते उगाच नव्हे. नवकारशीनंतरच काही घेणाऱ्या आपल्या मंडळींना सूर्योदयानंतर निघणे सोयीचेच पडते.

ऋतू. कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, धुक्यात वळण दिसत नाही. शिवाय ओल्या रस्त्यावर खेकडे, बेडूक, गोगलगायी अशा संख्येने बाहेर पडतात की चाक कोठून न्यावे हा प्रश्न पडतो. चातुर्मासात आम्ही घाट बंद ठेवतो. महाशिवरात्र आणि श्रावणातील सोमवार या दिवशी भीमाशंकरच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. तेही दिवस टाळावेत.

आहार. सायकलस्वारांत उकडलेला बटाटा लोकप्रिय आहे. तो न खाणाऱ्यांचे काही अडत नाही. खजूर, गूळ-शेंगदाणे आणि खाकरा यांवर घाट उत्तम चढतो. उकळून गार केलेल्या पाण्यात लिंबू, साखर आणि मीठ घालून घरूनच दोन बाटल्या न्याव्यात आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट घ्यावा. चौविहार करणाऱ्यांनी परतीची वेळ आधी ठरवून, मग निघण्याची वेळ ठरवावी. उपवासाच्या दिवशी घाट नको.

वेग. चढताना एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले पाहिजे. ते जमत नसेल तर गिअर हलका करावा. तरीही जमत नसेल तर उतरावे. छातीत जडपणा, खांद्यात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाल्यास घाट तेथेच संपला असे समजावे आणि सोबत्यांनी तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

आणि शेवटची गोष्ट, पत्नीने फोनवर सांगितलेली. चढताना माणूस दमतो, पण इजा बहुधा उतरताना होते. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत. रिम तापते आणि पकड कमी होते. दोन्ही ब्रेक आळीपाळीने, वळणाच्या आधी लावावेत, वळणात नव्हे. समोरून येणारी एसटी वळणावर रस्त्याची दोन्ही अंगे व्यापते, हे गृहीत धरून डावी कडा सोडू नये. चढून मिळवलेली उंची ही ठेव आहे. ती उतारावर एका दमात उधळायची नसते.

लाभ काय झाला?

व्यापारी वाचक शेवटी हा प्रश्न विचारणारच. पैशांत मोजता येणारा लाभ एकच: रक्तातील साखर सीमारेषेच्या आत आली, औषधाचा खर्च अजून सुरू झालेला नाही. दुसरा लाभ मोजता येत नाही. नोकरीतल्या छत्तीस वर्षांत मी इतरांची ऐपत तपासली. कोणाला किती झेपेल ते ठरवून कर्जे मंजूर केली, नामंजूर केली. स्वतःच्या देहाची ऐपत तपासण्याची वेळ मात्र कधी आली नव्हती. घाटाने ती तपासली, आणि माझ्या भीतीपेक्षा ती जास्त, हौसेपेक्षा कमी निघाली. तो नेमका आकडा कळणे, हेच समाधान.

थोरल्या बंधूंना सायकलची परवानगी नाही आणि ती त्यांनी मागूही नये. पण गेल्या हिवाळ्यापासून दुकान सकाळी नऊला उघडते. आठ ते नऊ ते चालतात. महिन्यातून एकदा आम्ही दोघे मोटारीने डिंभ्यापर्यंत जातो आणि धरणाच्या कडेने चालतो. सुरुवातीला ते अर्धा किलोमीटर चालत, आता तीन. परवा पोखरी घाटाकडे बघत त्यांनी विचारले, "हा किती शेकडा म्हणालास?" मी सांगितले. त्यांनी मनात काही हिशेब केला आणि म्हणाले, "मुदत वाढवून मिळाली तर बघू."